धूम्रपानाचा कायमचा त्याग : सोलापुरातील विडीच्या संदर्भात

सोलापूर शहराच्या पूर्व भागात, भवानी पेठ व तिच्या लगतच्या वस्त्यांत, विडी ही वस्तू घरात दोन नात्यांनी वावरते. घरातील स्त्री ती वळते आणि काही घरांत पुरुष तीच ओढतो. तेंदूची पाने भिजवावीत, कात्रीने बेतून कापावीत, चिमूटभर तंबाखू भरून वळावे आणि दोऱ्याने बांधावे, असे हे काम. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. या कामात तेलुगूभाषक पद्मशाली समाजातील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले. धूम्रपान सोडण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा मनोनिग्रहाच्या भाषेत होते. ज्या घरात तंबाखूचे सूप रोज मांडीवर असते, तेथे ती भाषा कितपत पुरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विडी थांबविणे आणि ती पुन्हा न ओढणे या दोन भिन्न क्रिया आहेत. धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणूनच ओढणाऱ्यास थोड्या थोड्या वेळाने तलफ येते. विडी बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतात. येथे शरीराचे काम संपते. स्मृतीचे संपत नाही. चहाचा पेला, यंत्रमागावरील पाळी सुटण्याची वेळ, शेजाऱ्याने ओढलेली काडी यांच्याशी विडीची सांगड वर्षानुवर्षे पडलेली असते, आणि शरीर शांत झाल्यानंतरही ती तलफ जागवू शकते. कोणत्याही साहाय्याविना केलेल्या प्रयत्नांपैकी सहा ते बारा महिन्यांनंतर शेकडा ३ ते ५ च टिकलेले आढळतात, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निघाला. हा आकडा निराशाजनक वाटेल. परंतु ज्यास आपण दुबळेपणा म्हणतो तो बहुसंख्यांचा सामान्य अनुभव आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

‘सिगारेट वाईट, विडी हलकी’ ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. विडीत तंबाखू फार थोडी, सुमारे पाव ग्रॅमच्या आतच असते, हे खरे. पण तेंदूचे पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात, आणि त्यामुळे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचा भार वाढतो. डॉ. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी व स्त्रीचे ८ वर्षांनी घटते. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे १० वर्षांनी. उलट बाजूने, ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासात सिगारेट साठाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ व तिसाव्या वर्षी १० वर्षांचा लाभ दिसला. ‘आता सोडून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या चाळिशीतल्या विणकरास देण्याजोगे याहून चांगले उत्तर नाही.

सोडण्याच्या वाटेवर एक फसवी फाटा आहे : विडीऐवजी तंबाखूची चिमूट किंवा मिश्री. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपान करणारे शेकडा ३.८, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे शेकडा २४.४ होते. समाज या दुसऱ्या व्यसनास व्यसन म्हणण्यास आजही कचरतो. वास्तविक मुंबईत सांघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्येच तंबाखू चघळणे आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. ही अदलाबदल म्हणजे त्याग नव्हे.

साहाय्य मात्र उपलब्ध आहे. निकोटीनचे च्युइंगगम व पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००९ मध्ये आल्या. व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन २०२१ मध्ये. औषध व समुपदेशन यांच्या जोडीने यशाचे प्रमाण वाढते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने केलेला भेद येथे उपयोगी पडतो : एक विडी ओढली जाणे हा घसरण्याचा प्रसंग, ‘आता सगळेच बुडाले’ असे मानून जुन्या सवयीकडे परतणे ही पुनरावृत्ती. पहिल्यातून दुसरी अपरिहार्यपणे निघत नाही.

विडी वळणाऱ्या घरात मात्र आठवण करून देणारी वस्तू दृष्टीआड करता येत नाही, कारण तीच चूल पेटविते. नवऱ्याने सोडावी म्हणून बायकोने काम सोडावे, हा सल्ला मजुरी बुडणाऱ्या घरास देणे अप्रस्तुत होय. वळण्याची जागा वेगळी करणे, तयार विड्या मोजून बांधून ठेवणे, एवढे शक्य असते.

पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. ‘विडी सोडली का?’ हा प्रश्न अपुरा आहे. किती वेळा सोडली, किती दिवस टिकली, कोणत्या प्रसंगी पुन्हा धरली आणि घरात विड्या कोण वळते, हे विचारावे. उत्तराची खातरजमा सामान्यतः लघवीतील कोटिनिन मोजून करतात. पण विडी न ओढता केवळ वळणाऱ्या स्त्रियांच्या लघवीतही, तंबाखूच्या संपर्कामुळे, कोटिनिन वाढलेले आढळले आहे. त्यामुळे या वस्तीत त्या मोजणीवर विसंबल्यास खरोखर सोडलेला मनुष्यही खोटा ठरण्याची शक्यता राहते. श्वासातील कार्बन मोनॉक्साइडची मोजणी फक्त मागच्या काही तासांचे सांगते, पण ती जळलेल्या विडीचे सांगते, वळलेल्या विडीचे नव्हे.