थोडी जागा, थोडा वेळ आणि स्वावलंबन

वर्धा जिल्ह्यात स्वावलंबनावर बोलणे म्हणजे गंगाकाठी पाणपोई घालण्यासारखे आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि त्याची धुरा डॉ. कुमारप्पांनी वाहिली. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावी आले आणि पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. पलीकडे धाम नदीच्या काठी पवनार आहे. तेव्हा या विषयात सांगावयाचे ते थोर माणसे सांगून गेली आहेत. पण आमचा ज्यांच्याशी रोजचा संबंध, तो हिंगणघाट-पुलगावचा कामगार एक साधा प्रश्न विचारतो. दीड खोलीचे घर, पुढे चार हात अंगण, आठ तास यंत्राशी आणि दोन तास येण्याजाण्यात. यात स्वावलंबन बसवावयाचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात द्यावयास हवे.

त्याआधी एक शंका दूर केली पाहिजे. आमच्या सभांतून ती हटकून निघते. ‘घरी भाजी पिकवा म्हणता; मग मालक म्हणेल, तुमचा खर्च कमी झाला, आता मजुरीवाढ कशाला?’ शंका रास्त आहे. परंतु ज्यांनी वर्ध्यात स्वावलंबन शिकविले त्यांनी मजुरीचा हिशेब सोडलेला नव्हता. विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत दिवसचे दिवस सूत कातून, त्याच्या मजुरीत माणूस जगतो की नाही हे स्वतःवर अजमावून पाहिले. त्याच सुमारास, 1935 साली, चरखा संघाने कातणारास पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व मान्य केले. म्हणजे मजुरी न्याय्य हवीच. स्वावलंबन तिच्या जागी येत नाही, ते तिच्या पाठीशी उभे राहते.

पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे 1918 च्या अहमदाबादच्या लढ्यात दिसले. गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली होती. दिवस जाऊ लागले तशी घरांतली चूल थंड पडू लागली आणि निश्चय डळमळू लागला. तेव्हा मगनलाल गांधींनी सुचविले की, आश्रमातील विणकामशाळेच्या पायात वाळू भरावयाची आहे, ते काम संपवाल्यांना द्यावे. कामगारांनी डोक्यावर वाळूच्या टोपल्या वाहिल्या. धर्मादायाचे अन्न न खाता स्वतःच्या घामावर लढ्यात टिकता येते, हा त्यातला धडा. आपली मगनवाडी याच मगनलालांच्या नावाची. चूल पेटती राहील तर मागणी उभी राहते, ही गोष्ट प्रत्येक संघटनेने मनावर कोरून ठेवावी.

आता सुरुवात कशाने करावी? आम्ही तीन कसोट्या लावतो. वस्तू रोज विकत घ्यावी लागणारी असावी. ती थोड्या जागेत व्हावी. आणि तिला रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. धान्य दुसऱ्या कसोटीस उतरत नाही. पाच माणसांचे वर्षाचे धान्य अंगणात पिकत नाही. कापड तिसऱ्या कसोटीस उतरत नाही. पवनारला 1950 साली विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. तेथे बैल न लावता हातांनी शेती केली, माणसांनीच रहाट फिरविला. पण त्या मंडळींचा सारा दिवस त्या कामी होता. पाळी करून आलेल्या माणसाने त्याची नक्कल करू नये. त्यातला झेपेल तेवढा वाटा उचलावा. तिन्ही कसोट्यांस उतरते ती पालेभाजी.

सहा फूट लांब व तीन फूट रुंद जागा घ्या. पाचसहा तास ऊन मिळाले पाहिजे. तिचे तीन पट्टे करा आणि दहा दहा दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे सारी भाजी एकदम येऊन वाया जात नाही. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. पालक वरून कापला तर पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फोडी कराव्यात. अंगण नसेल तर गोणपाट, फुटके माठ, तेलाचे डबे चालतात. बुडाला भोके हवीत. मात्र कारखान्यातला कॉस्टिकचा वा रंगाचा रिकामा पिंप कधीही वापरू नये; धुतला तरी त्याचा भरवसा नाही. डाळ-तांदूळ धुतल्याचे पाणी झाडांना घालावे, साबणाचे घालू नये.

आपल्याकडचा ऋतूही ध्यानी घ्यावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा मेथी-पालकाचा हट्ट न धरता कढीपत्ता तेवढा जगवावा, वाफ्यावर पालापाचोळा पसरून मातीला विसावा द्यावा. मृगाचा पाऊस पडला की अंबाडी, चवळी, दोडका लावावा, आणि मोकळा कोपरा असल्यास शेवग्याची फांदी रोवावी. शेंगा येईपर्यंत पाला तरी खावयास मिळतो. पाऊस सरल्यावर पालेभाज्यांचा खरा हंगाम.

जागेपेक्षा वेळ अधिक तोकडा असतो, आणि तो वाढविण्याचा एकच उपाय आम्हांस ठाऊक आहे, तो म्हणजे एकजूट. पाच घरांनी वाफे एकत्र केले तर पाणी घालण्याची पाळी पाच दिवसांनी एकदा येते. खताचेही तसेच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली नाडेप खताची टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असते. विटांत हवेसाठी भोके ठेवतात. शेण थोडे, काडीकचरा व माती पुष्कळ, आणि सुमारे तीन-चार महिन्यांत खत तयार होते. एका घराला ही टाकी न झेपणारी. चाळीला सहज झेपते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे सारे काम घरातल्या बाईच्या डोक्यावर पडणार असेल तर त्याला स्वावलंबन म्हणू नये. पुरुष संघटनेत आठ तासांच्या दिवसाचा जयघोष करतो आणि घरी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते. तिच्या दिवसात आणखी अर्धा तास घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाफ्याची पाळी पुरुषाने व मोठ्या मुलांनी घ्यावी, आणि वाचलेले पैसे कोठे खर्चावे ते तिने ठरवावे.

पालेभाजीच्या वाफ्याने गिरणी चालू राहत नाही. पुलगावची जुनी कापडगिरणी बंद पडली, तेव्हा कोणाच्याही परसातल्या मेथीने ती थांबली नसती. नोकरीच्या हमीसाठी, न्याय्य मजुरीसाठी संघटनाच लागते. पण भाजी एकत्र पिकविणारी पाच घरे पुढे धान्य घाऊक भावाने एकत्र आणू शकतात, अडचणीसाठी निधी ठेवू शकतात. एकमेकांचा हिशेब ठेवावयाची व विश्वास धरावयाची सवय त्यांना लागलेली असते. संघटनेलाही हीच सवय लागते. येत्या मृगाला सहा फूट जमिनीपासून तिचा आरंभ करावयास कोणाची परवानगी लागत नाही.