मेनूतल्या आज्ञेला आपली कळ

संगणकावर लिहायला आपण लिबरऑफिसचा 'रायटर' वापरतो. त्याच्या वरच्या पट्टीत फाइल, एडिट, इन्सर्ट अशी नावे असतात. नावावर टिचकी मारली की खाली यादी लोंबते. हाच मेनू, आणि त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक आज्ञा. काही आज्ञांसमोर 'कंट्रोल + एस' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते पुष्कळ जण बघतच नाहीत. ती त्या आज्ञेची जवळची वाट! माउस न हलवता तेवढ्या कळा दाबल्या की काम झाले.

मागे घेणे, कापणे, नक्कल करणे, चिकटवणे यांच्या कळा झेड, एक्स, सी, व्ही. कळफलकाच्या खालच्या ओळीत बघा, चौघी शेजारीशेजारी बसल्या आहेत. त्यामुळे डाव्या हातानेच सगळे उरकते. कापणे-चिकटवणे ही युक्ती अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवली. टेस्लर २०२० साली वारले.

पण सगळ्याच आज्ञांना कळ दिलेली नसते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा उजवा हात चालत नाही. लिहितो झकास, पण पालकसभेची सूचना मोबाइलवर पाठवायची म्हणजे पीडीएफ करावी लागते. त्यासाठी फाइल, मग एक्सपोर्ट ॲज, मग आणखी एक यादी. डाव्या हाताने माउस धरला की यादी मध्येच मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्याला 'तू करून दे' म्हणायला त्याला आवडत नाही. अशा वेळी त्या आज्ञेला एकच कळ देता येते, ती अशी.

टूल्स मेनूत कस्टमाइज उघडावे आणि कीबोर्ड या पानावर जावे. उजवीकडे वर लिबरऑफिस आणि रायटर अशी दोन नावे आहेत, त्यातले रायटर निवडावे, म्हणजे बदल फक्त रायटरपुरता राहतो. वर कळांची लांब यादी दिसते. एखाद्या कळेसमोर काही लिहिलेले असेल तर ती आधीच कामाला लागलेली आहे असे समजावे. फिक्या रंगातल्या कळा बदलता येत नाहीत. एफ १२ या कळेकडे क्रमांक घालण्याचे काम असते. ते आपल्याला क्वचित लागते, म्हणून तीच घेऊ. तिच्यावर टिचकी मारावी, खाली शोधायच्या चौकटीत पीडीएफ ही अक्षरे इंग्रजीत लिहावीत, एक्सपोर्ट ॲज पीडीएफ ही आज्ञा निवडावी, मग असाइन (जुन्या आवृत्तीत मॉडिफाय) आणि शेवटी ओके. आता फाइल मेनू उघडून बघा, त्या आज्ञेसमोर एफ १२ आलेले असते!

एक सांगून ठेवतो. कंट्रोल + एस ला हात लावू नका बरे का. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि संगणक सगळ्यांचा आहे. जतन करायला गेलेल्याचे दुसरेच काही झाले तर तासाभराचे लिखाण पाण्यात. कंट्रोल आणि ऑल्टची जोडीही टाळावी. विंडोजमध्ये ती जोडी उजव्या ऑल्टसारखी धरली जाते, आणि मराठी इन्स्क्रिप्टमध्ये रुपयाचे चिन्ह उजवी ऑल्ट आणि ४ दाबून येते. मग चिन्ह यायच्या जागी भलतीच आज्ञा चालायची!

त्याच पानावर रीसेट हे बटण आहे. ते दाबले की सगळ्या कळा मूळच्या होतात, आणि ते 'खरेच करू का?' असे विचारतही नाही. म्हणून आधी सेव्ह बटणाने आपल्या कळांची फाइल ठेवावी. नंतर लोड केली की त्या परत येतात. बदललेली कळ चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली तर दुसऱ्या वर्गालाही कळेल.

ज्या पालकांकडे मायक्रोसॉफ्टचे वर्ड आहे, त्यांनी फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइज रिबन असे जावे. तिथे खाली कीबोर्ड शॉर्टकट्स लिहिलेले आहे, त्याच्या शेजारचे कस्टमाइज दाबावे. नवी कळ दाबून बघितली की ती आधी कोणाकडे आहे हे वर्ड स्वतःच दाखवते.