अपस्मार आणि कार्यस्मृती

सन 1953 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने, अपस्माराच्या झटक्यांनी जेरीस आलेल्या हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले, पण नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. तथापि पुढे ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी 584 ही संख्या ध्यानात ठेवावयास सांगितली असता, अंकांची बेरीज सतरा, त्यातून आठ वजा जाता नऊ, नवाचे भाग पाच आणि चार, अशी जुळणी मनात घोळवीत त्याने ती पाव तास धरून ठेवली. आणि लक्ष अन्यत्र जाताच, आपणांस काही संख्या सांगितली होती, हेही तो विसरला.

यावरून, हातचे काम उरकेपर्यंत चार गोष्टी मनात धरून त्यांची उलटापालट करणारी जी कार्यस्मृती, ती हिप्पोकॅम्पसच्या अखत्यारीत येत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मग ज्यांच्या अपस्माराचा उगम कानशिलामागच्या टेम्पोरल खंडात, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्याच परिसरात असतो, त्यांपैकी अनेकजण 7, 2, 9, 4 हे अंक उलट क्रमाने म्हणताना का अडखळावेत?

रुग्ण असले काम करीत असतानाच त्याच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल एमआरआय यंत्राने टिपता येऊ लागले, तेव्हा याचा उलगडा होऊ लागला. कार्यस्मृतीचा कारभार कपाळामागील व माथ्याखालील भागांच्या सहकार्याने चालतो. तो चालू असता, मन स्वस्थ असताना जागे राहणाऱ्या दुसऱ्या एका जाळ्याने, आणि त्याच्याशी संलग्न हिप्पोकॅम्पसनेही, माघार घ्यावयाची असते. टेम्पोरल अपस्मारात ही माघार पुष्कळदा अपुरी पडते. आणि एका दफ्तरातील बेबंदशाहीपायी सबंध कचेरीचे काम खोळंबावे, तशी गत होते. त्यात दोन झटक्यांच्या दरम्यान होणारे क्षणिक विद्युत्क्षोभ आणि टोपिरामेटसारख्या काही औषधांचा परिणाम यांची भर पडते.

म्हणून तीन सूचना ऐकून तिसरी विसरणाऱ्या अपस्मारग्रस्त मुलावर बेफिकिरीचा ठपका ठेवण्याऐवजी शिक्षकांनी एकेक सूचना, शक्यतो लिहून, द्यावी. विस्मरणाची तक्रार घरच्यांनी झटक्यांइतक्याच तपशिलाने डॉक्टरांच्या कानी घालावी. आणि औषधाचा संशय आला तरी ते परस्पर बंद करू नये, कारण तसे केल्याने झटके अधिक तीव्रतेने उसळू शकतात, आणि मात्रा बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे.