डिस्कवर गंज कुठे बसलाय?

मोटारीच्या लोखंडी अंगावर सगळीकडे काही ना काही लेप असतो. पत्र्यावर रंग, खालच्या बाजूला अंडरकोटिंग, इंजिनात तेल, बेअरिंगमध्ये ग्रीस. एकच भाग असा की त्याला रंग लावून उपयोग नाही, तेल तर चुकूनही लागू द्यायचे नाही, आणि तरीही तो रस्त्यापासून वीतभर उंचीवर पाणी, चिखल आणि धुळीचा मारा खात उघडा फिरत असतो. तो म्हणजे ब्रेकची डिस्क.

जुलैत रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चाकातून सकाळी आत डोकावून बघा. काल लखलखणारी डिस्क नारिंगी झालेली असते. नवी गाडी घेतलेले लोक हे पाहून दचकतात. पण गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, दोन-चार वेळा ब्रेक लागला, की थोडी खरखर होते आणि डिस्क पुन्हा लख्ख. एका रात्रीत चढलेला गंज चार ब्रेकांत उतरतो. त्याच डिस्कवर दुसऱ्या जागी मात्र बोटभर रुंदीचा काळपट पट्टा असा बसलेला असू शकतो की डिस्क बदलण्याला पर्याय उरत नाही. म्हणून गंज किती दिसतो याला फारसा अर्थ नाही. तो कुठे बसलाय, हे वाचता आले पाहिजे.

ही चकती बिडाची असते. आपल्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा आणि ती, दोघांची जात एकच. तवा धुऊन ओला ठेवला तर सकाळी तांबूस होतो, म्हणून तो पुसून त्यावर तेलाचा हात फिरवतात. डिस्कवर तेलाचा हात फिरवला तर गाडी थांबणार नाही. तिचे कामच मुळी उघड्या अंगाने घासून घेण्याचे आहे.

एकविसाव्या शतकात, एवढे मिश्रधातू हाताशी असताना, अजून बीडच का? याचे उत्तर मला फार देखणे वाटते. बिडात तीन ते चार टक्के कार्बन असतो, पोलादापेक्षा कितीतरी जास्त. हा कार्बन लोखंडात पूर्ण विरघळून राहत नाही. ओतीव धातू थंड होताना त्याच्या सूक्ष्म, वेड्यावाकड्या पापुद्र्या बनतात. पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट. या पापुद्र्या डिस्कभर पसरलेल्या असतात आणि दोन कामे करतात. एक, उष्णता झपाट्याने आतपर्यंत वाहून नेतात. दोन, कंपने गिळून टाकतात. पोलादावर टोला मारला तर ते खणखणते, बीड मात्र बद्द आवाज देते. चाकात तो बद्दपणाच हवा असतो. मोटरसायकलच्या डिस्क स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्या पावसाळ्यातही चकचकीत राहतात. पण स्टेनलेस स्टीलमधून उष्णता बिडाच्या मानाने फार हळू वाहते. हलक्या दुचाकीला ते चालून जाते, मोटारीला परवडत नाही.

का परवडत नाही, ते आकड्यांत पाहू. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. करकचून ब्रेक दाबला तर ही सगळी ऊर्जा साडेतीन-चार सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते. त्या क्षणी ब्रेकची शक्ती छोट्या गाडीच्या इंजिनाच्या दुपटीच्या घरात जाते. गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसून चाकांत असते! पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी पाचेक किलोच्या धरल्या आणि कामाचा सत्तर टक्के वाटा त्यांच्यावर पडला, तर एका थांबण्यात त्या साठ-सत्तर अंशांनी तापतात.

आता खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा बोर घाट घ्या. साधारण पाचशे मीटरचा उतार. तेवढे खाली येताना तीच गाडी ताशी शंभरवरून बारा वेळा थांबण्याइतकी ऊर्जा सोडते. सगळा भार ब्रेकवर टाकला आणि डिस्कला थंड व्हायला क्षणभरही उसंत मिळाली नाही असे मानले, तर हिशेबाने त्या आठशे अंशांनी तापतील. प्रत्यक्षात वारा लागतो, आणि जाणता ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरतो, म्हणून तिथवर वेळ येत नाही. पण डिस्क ही मुळात उष्णतेची कोठी आहे, हे इथे लक्षात येते. तिच्यातले लोखंड कमी झाले की कोठी लहान होते.

आणि गंज नेमके तेच करतो, लोखंड खातो. त्याची पद्धत नवलाची आहे. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला. लोखंडावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवला आणि पाहत राहिले. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. एवढ्याशा फरकाने थेंबातच विजेचा घट तयार होतो. लोखंड विरघळते मध्यभागी, आणि गंजाचे कडे उमटते बाजूला. बिडात तर असे घट आधीच पेरलेले असतात. ग्रॅफाइट आणि लोखंड शेजारी-शेजारी आणि वर ओल, की लोखंडाची आहुती पडलीच. उष्णता वाहून नेणारी, आवाज गिळणारी तीच पापुद्री गंजाची वाटाडी होते.

दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे रहस्य उलगडले. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला आहे. डिस्कला असा थर कधीच लाभत नाही. कुठलाही थर धरण्याआधी, ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारा पॅड तो खरवडून काढतो आणि खाली पुन्हा कोरे लोखंड उघडे पडते. शिवाय साधा गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे तो फुगतो, पोपडे धरतो, आणि पोपड्याखाली ओल साठते.

रत्नागिरी, मालवण, मुंबई, गोवा इथल्या गाड्यांना पावसाचीही गरज नसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. किनाऱ्यावर ती पातळी नेहमीचीच. डिस्कच्या खोबणीत बसलेला मिठाचा कण लखलखीत उन्हाच्या दिवशीही आपल्यापुरती ओल राखून असतो. वाळूवर गाडी नेणाऱ्यांनी परत आल्यावर चाकांच्या आत गोड्या पाण्याचा फवारा मारावा आणि नंतर गाडी थोडी फिरवून ब्रेक सुकवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

आता चाक काढून डिस्क वाचायला बसू. बोल्ट सैल केले, जॅक लावला, चाक बाजूला ठेवले. मध्यभागी टोपीसारखा उंचवटा दिसतो, तो तांबडालाल असतो. असू द्या. तिथे पॅड पोचतच नाही. बाहेरच्या कडेलाही गंजाचे बारीक कडे असते, तेही पॅडच्या हद्दीबाहेर. त्यावरून बोट फिरवले की एक पायरी लागते. गंज कडेवर दिसतो, पण ती पायरी सांगते आतल्या भागाबद्दल. पॅडने घासून घासून डिस्क किती खाली गेली, ते तिथे कळते.

मधला घासला जाणारा पट्टा हा खरा मजकूर. तो अथपासून इतिपर्यंत एकसारखा करडा-चकचकीत असेल, तर डिस्क निरोगी आहे. त्यावर बारीक गोल रेघा असतील तरी हरकत नाही. पण त्या पट्ट्यातच आतल्या किंवा बाहेरच्या अंगाने काळपट-तपकिरी वलय दिसले, आणि गाडी चांगली चालवून, ब्रेक मारूनही ते गेले नाही, तर पॅड तिथे टेकतच नाही. म्हणजे तेवढी जागा कामातून गेली. ब्रेक लागतो तो उरलेल्या भागावर, म्हणून तो भाग जास्त तापतो, जास्त झिजतो. हे वलय एकदा बसले की वाढत जाते, कारण न घासलेली जागा अधिक गंजते आणि तिथे गंजाचे खड्डे पडू लागतात. नखाला लागतील असे खड्डे घासल्या जागेवर दिसले की डिस्क बदलण्याचीच वेळ आली.

एवढे पाहून थांबू नका, मागून बॅटरी मारा. डिस्कची आतली बाजू चाकाच्या जाळीतून कधी दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तीच जास्त खराब असते. पुढच्या डिस्क बहुधा दुपदरी असतात. दोन चकत्या, मध्ये पंख्यासारखी पाती आणि हवेला वाट. ही पातीही आतून गंजतात. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत बाहेरून डिस्क बरी दिसते आणि आतली पाती पोखरलेली असतात. तिथून पोपडे गळत असतील तर जाडी मोजण्याचे कारणच उरत नाही.

जाडीत एक गंमत आहे. कंपनी डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरून देते. नवी डिस्क २२ मिलिमीटरची असेल तर किमान बहुधा २०ची. दोनच मिलिमीटर, म्हणजे जेमतेम नऊ टक्के, असे वाटते. पण मधली पोकळी आठ मिलिमीटरची धरली तर लोखंड १४ मिलिमीटरच. त्यातले दोन गेले, म्हणजे उष्णतेच्या कोठीचा सातवा हिस्सा गेला. मोजतानाही फसगत होते. व्हर्नियरचे जबडे कडेच्या पायरीवर टेकले की माप जवळजवळ नव्या डिस्कचे येते. म्हणून मायक्रोमीटर हवा, आणि तो कडेपासून सेंटिमीटरभर आत, डिस्कच्या गोलावर सात-आठ ठिकाणी लावायला हवा. जागोजागी माप बदलत असेल तर ब्रेक दाबताना पाय थरथरतो. जाडीत मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांचा फरक पडला तरी ती थरथर जाणवते. ‘डिस्क वाकली’ म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या पुष्कळ या असमान जाडीच्या असतात.

पॅडचे मोजमाप सोपे आहे. घासला जाणारा मसाला नवा असताना दहा-बारा मिलिमीटर असतो, तीनवर आला की बदलावा. बऱ्याच पॅडवर पत्र्याची छोटी पट्टी असते, मसाला संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. मात्र बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या की दोन पॅड सारखे झिजत नाहीत, आतला आधी संपतो. पॅडच्या लोखंडी पाठीवर गंज मसाल्याखाली शिरला तर तो फुगून मसाला सोडवू लागतो. कडेला भेग दिसली तर मसाला कितीही जाड असो, पॅड काढून टाकावा.

सर्वांत नवल मागच्या चाकांचे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे जातो, मागच्या ब्रेकला काम थोडे. त्यामुळे मागच्या डिस्क झिजून जाण्याआधी गंजून जातात. इलेक्ट्रिक गाड्यांत हे आणखी वाढते. तिथे पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग खेचून बॅटरीत भरते, खरा ब्रेक क्वचितच लागतो. ब्रेक वाचतो आणि वाचल्यामुळेच कुजतो! फोक्सवॅगनने आयडी-४ या आपल्या इलेक्ट्रिक गाडीला मागे चक्क जुन्या पद्धतीचे बंदिस्त ड्रम दिले, त्यामागे हेही एक कारण आहे. गाडी डिस्कची असेल तर अधूनमधून मागे कोणी नाही हे पाहून मोकळ्या रस्त्यावर नीट जोर देऊन ब्रेक लावावा. डिस्कला घासणे हेच तिचे औषध.

निर्णयाच्या जागा मग थोड्याच उरतात. डिस्क किमान जाडीच्या वर आहे, पट्टा एकसारखा आहे आणि पॅड संपलेत, तर फक्त पॅड बदला. वरवरचा खडबडीतपणा असेल आणि जाडीत वाव असेल, तर लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट, करून घेता येते, मात्र फेसिंगनंतरची जाडीही किमानापेक्षा वर राहिली पाहिजे. खड्डे, न जाणारे वलय, पोखरलेली पाती किंवा भेग असेल तर डिस्क बदला, आणि तीही एका आसावरच्या दोन्ही चाकांची, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड लावू नका. जुन्या डिस्कच्या चऱ्या त्यांच्यावर उमटलेल्या असतात.

बसवताना मेकॅनिकला एक विनंती जरूर करावी, डिस्क ज्यावर बसते त्या हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करायची. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते, आणि हबपाशी असलेला तो तिरकेपणा डिस्कच्या कडेला दुपटीने वाढतो. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसावा. मग पहिले दोनेकशे किलोमीटर ब्रेक हलक्या पायाने, पण पुन्हा पुन्हा लावावा. या काळात पॅडचा मसाला डिस्कवर डोळ्यांना न दिसणारा एकसारखा थर चढवतो, आणि पुढे ब्रेक लागतो तो बऱ्याच अंशी मसाल्यावर मसाला घासून. तो थर बसण्याआधी गाडी तापल्या ब्रेकने एकाच जागी दाबून धरली, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नव्या डिस्कनेही पाय थरथरू लागतो.