पाणी निवळलं, पण शुद्ध झालं का?

तुरटी रासायनिक, शेवग्याचं बी नैसर्गिक, म्हणून बी केव्हाही चांगलं. व्हॉट्सॲपवरच्या चित्रफितींमुळे ही समजूत पक्की होत चालली आहे. गढूळ पाण्यात बियांची पूड ढवळायची, तास-दोन तास थांबायचं, वरचं नितळ पाणी प्यायचं. यातला पहिला भाग खराच आहे. शेवग्याच्या बियांत धन प्रभाराची प्रथिनं असतात. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे कण एकत्र येऊन गाळ खाली बसतो. त्याबरोबर बरेचसे जंतूही खाली जातात, पण सगळे नाही. शिवाय बियांतलं बाकीचं सेंद्रिय द्रव्य पाण्यातच उरतं आणि मागे राहिलेल्या जंतूंना आयतं खाद्य मिळतं. असं पाणी दोन दिवस साठवलं तर वास मारू लागतं. निवळलेलं पाणी उकळायला किंवा त्यात क्लोरीन टाकायला हवंच.

दुसरा गैरसमज कायटोसानचा. कोळंबी-खेकड्यांच्या टाकाऊ कवचांपासून बनणारा हा पॉलिमर पाण्यातलं ‘सगळं विष’ ओढून घेतो, असं सांगितलं जातं. तो ओढतो ते ठरावीक पदार्थ. त्याच्या साखळीवरच्या अमाइन गटांना तांबं, शिसं यांसारखे धातू चिकटतात. आम्लधर्मी पाण्यात हेच गट धन प्रभारित होतात आणि ऋण प्रभाराचे रंग धरून ठेवतात. पाण्यातला साधा खारटपणा मात्र त्याला कमी करता येत नाही, आणि फ्लोराइडवरही नुसत्या कायटोसानचा फारसा जोर चालत नाही. त्यासाठी संशोधक त्यावर लॅन्थेनम किंवा झिर्कोनियमसारखे धातू चढवतात. चंद्रपूर-यवतमाळमध्ये ज्या गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे ‘कोळंबीचा फिल्टर’ एवढ्या वर्णनावर विसंबू नये. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं; दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

आता क्रोमियमची गंमत पाहा. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यातलं घातक सहा-संयुजी क्रोमियम कायटोसानला उत्तम चिकटतं ते आम्लधर्मी पाण्यात. पण कायटोसान स्वतःच सौम्य आम्लात विरघळतो, अगदी व्हिनेगरमध्येसुद्धा! म्हणून त्याच्या साखळ्या ग्लुटारअल्डिहाइडसारख्या रसायनाने एकमेकींना जखडतात. ते करताना काही अमाइन गटही खर्ची पडतात आणि धातू धरायची जागा कमी होऊ शकते.

म्हणजे ‘यात रसायन नाही’ हेही खरं नाही. कवचातलं कॅल्शियम काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, प्रथिनं काढायला कॉस्टिक सोडा, आणि उरलेल्या कायटिनचं कायटोसान करायला पुन्हा 40-50 टक्के तीव्रतेचा तापवलेला कॉस्टिक सोडा. त्यानंतर भरपूर पाण्याने धुलाई. ते धुलाईचं पाणी नीट प्रक्रिया न करता खाडीत सोडलं, तर ‘हरित’ हे विशेषण कशाच्या जोरावर लावायचं? तरीही या पदार्थाची बाजू भक्कम आहे, असं माझं मत आहे. बंदरांवर कुजणारी कवचं कामी येतात, आणि गाळ बसवायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉलिअॅक्रिलमाइडसारखा तो वर्षानुवर्षं मातीत पडून राहत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे प्रदूषण नाहीसं झालं हा. धातू नाहीसा होत नाही. तो पाण्यातून फिल्टरमधल्या कायटोसानच्या मण्यांत जातो. मणी आम्लाने धुतले तर पुन्हा वापरता येतात, पण तो धातू आता त्या आम्लात, पूर्वीपेक्षा दाट झालेला असतो. मणी नैसर्गिक आहेत म्हणून शेतात टाकले तर ते कुजतील, आणि शिसं तिथेच राहील. कारखान्याने ते घातक कचरा म्हणूनच हाताळायला हवेत.

तेव्हा असा फिल्टर विकायला कोणी आला, तर तीन गोष्टी विचारा: नेमकं काय काढतो, किती लिटरनंतर भरतो, आणि वापरलेला भाग परत कोण नेणार. त्याआधी आपल्या पाण्यात आहे तरी काय, हे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या.