लिहिले म्हणजे पोचले का?

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. एक नोंद लिहायची, ती तबकडीवर उतरल्याची खात्री करायची आणि मगच पुढची लिहायची, अशी शिस्त ठेवली तर प्रत्येक नोंदीला साधारण एक फेरा जातो. म्हणजे सेकंदाला फार तर १२० च्या आसपास नोंदी. माले येथील घरी एका जुन्या संगणकावर मी हे मोजले, तेव्हा आकडा या मर्यादेच्या आतच राहिला. मग त्याच संगणकात, त्याच डिस्कवर, एक आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) उभे केले, म्हणजे संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा संगणक. तीच चाचणी त्यात चालवली. आकडा हजारांत गेला.

आभासी यंत्र संथ निघाले असते तर नवल नव्हते. मध्ये दलाल आला की दलाली जाणारच. पण ते मूळ यंत्रापेक्षा वेगवान कसे?

२०२५ पर्यंत रजिस्टर पत्र टाकले की खिडकीवर पावती मिळत असे. पत्र ज्याचे त्याच्या हाती पडल्यावर सही होऊन येई ती पोचपावती निराळी. आतला संगणक ‘डिस्कवर उतरव आणि मग सांग’ असा हुकूम देतो. बाहेरचा मूळ संगणक ती नोंद आपल्या मेमरीत ठेवतो आणि तेवढ्यावरच ‘उतरली’ म्हणून कळवतो. खिडकीवरची पावती पोचपावती म्हणून खपते. यात चोरी नाही. व्हर्च्युअलबॉक्स या प्रचलित सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे, की वेग वाढावा म्हणून असे हुकूम एरवी दुर्लक्षिले जातात. हवे असल्यास ते पाळण्याची सोय वेगळी करावी लागते. क्वेमू या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हुकूम धाब्यावर बसवणारी पद्धत आहे, पण तिचे नावच ‘अनसेफ’ ठेवले आहे. मला हा प्रामाणिकपणा अधिक आवडतो.

हा फरक दुसऱ्याला दाखवायचा, तर तो पुन्हा घडवता आला पाहिजे, आणि तिथेच खरी अडचण आहे. चाचणी छोटी असेल तर आपण डिस्क मोजतच नाही. आमच्या शेजारचे मुळशी धरण पाहा. सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, पण भिऱ्याच्या वीजघराकडे पाणी आपल्या गतीने वर्षभर जाते. जूनमध्ये कितीही पाऊस आला तरी धरण तो मुकाट्याने पोटात घेते. भरल्यावरच कळते की बाहेर जायची वाट केवढी आहे. मेमरीचेही तसेच. म्हणून लिहायची फाइल मूळ संगणकाच्या मेमरीपेक्षा पुष्कळ मोठी हवी. नुसती शून्ये लिहून मोजणारे बरेच असतात. पण काही व्यवस्था शून्ये ओळखून ती लिहिण्याचे टाळतात. आभासी डिस्कची फाइल लागेल तशी वाढणारी असेल, तर पहिल्या खेपेला जागा शोधण्यात वेळ जातो आणि दुसऱ्या खेपेला जात नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त, आतल्या बाजूला कमी. तेव्हा दोन्ही चाचण्या डिस्कच्या एकाच भागावर व्हायला हव्यात. आणि वेळ शक्यतो बाहेरच्या घड्याळाने मोजावी, कारण आभासी यंत्राचे घड्याळही आभासीच.

अशा फेरतपासणीला संशोधनात मान कमी, हे खरे. तरी २००३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ‘झेन’ या आभासीकरण प्रणालीचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठाच्या गटाने त्यांतले बरेच प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि २००४ मध्ये निबंध वाचला. आकडे जुळले. शिवाय त्यांनी एका जुन्या, स्वस्त संगणकावरही प्रयोग केले. आकडे खरे निघाले ही बातमी होत नाही, पण पुढच्यांना पाय ठेवायला जागा होते.

एवढा खटाटोप कशासाठी? दूध संकलन केंद्रावर सकाळी लिटर आणि फॅट यांची नोंद होते, पतसंस्थेत रोजचा भरणा होतो. ही खाती आता अनेक ठिकाणी आभासी यंत्रांवर असतात. पडद्यावर ‘नोंद झाली’ असे दिसले, पावती छापून निघाली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ती नोंद आहे की नाही? ज्या खोऱ्यातले पाणी वीज बनवायला जाते, तिथेही पावसाळ्यात दिवे जातातच.

याची परीक्षा करता येते, पण नुसते आभासी यंत्र बंद करून नाही. ते बंद पडले तरी बाहेरच्या संगणकाची मेमरी शाबूत राहते आणि नोंदी मागाहून सावकाश डिस्कवर उतरतात. सगळे ठीक असल्याचा भास होतो. क्रमांक घातलेल्या नोंदी लिहीत जायचे, प्रत्येक ‘उतरली’ असा निरोप आल्यावर तो क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला कळवायचा, आणि मध्येच मूळ संगणकाची वायर भिंतीतून उपटायची. ज्यावर कामाचे काही नाही अशाच यंत्रावर हे करावे. मग दुसऱ्या संगणकाच्या यादीतला शेवटचा क्रमांक आणि डिस्कवर सापडलेला शेवटचा क्रमांक शेजारी ठेवून पाहायचे. यादी पुढे गेलेली असेल, तर मधल्या सगळ्या नोंदींच्या पावत्या खोट्या होत्या.