निळं पातं, सोनेरी अक्षरं

वर्कशॉपमध्ये लेथवर स्टीलचा जॉब टर्न करताना कधीकधी निळी चिप बाहेर पडते. तिला रंग कोणी लावत नाही, तो उष्णतेने येतो. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले कारागीर हाच रंग मुद्दाम आणून घोडदळाच्या ऑफिसरांसाठी मानाच्या तलवारी सजवत असत. अशा तलवारीला 'प्रेझेंटेशन सोर्ड' म्हणतात. ती लढण्यापेक्षा सन्मान म्हणून देण्यासाठी बनवलेली असते.

1794 साली फ्रान्सच्या स्वारीच्या भीतीने ब्रिटनमध्ये 'योमनरी' नावाची स्वयंसेवकांची घोडदळं उभी राहिली. अशा तुकडीतले लोक वर्गणी काढायचे आणि आपल्या कॅप्टनला तलवार भेट द्यायचे. तलवार कोणी, कोणाला आणि कधी दिली, हे तिच्यावर लिहिलेलं असायचं. आपल्या शिल्डसारखंच समजा, फक्त हे शिल्ड कमरेला लटकवता यायचं!

आकार मात्र खऱ्या तलवारीचाच असे. फ्लँडर्सच्या मोहिमेत ब्रिटिश घोडदळाच्या तलवारी निकामी ठरताना जॉन गॅस्पर्ड ल मार्शंट या ऑफिसरने पाहिल्या होत्या. त्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्नच्या मदतीने नवं डिझाइन केलं आणि 1796 मध्ये ते हलक्या घोडदळासाठी स्वीकारलं गेलं. पातं वाकडं, सुमारे 33 इंच लांब आणि टोकाकडे रुंद होत जाणारं. काम एकच, सपकन कापणं. पुढे अनेक मानाच्या तलवारी याच आकारात घडल्या.

आता निळ्या रंगाकडे येऊ. मला यातला सर्वात भन्नाट भाग हाच वाटतो. घासून चकचकीत केलेलं स्टील तापवलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. साधारण 230 अंश सेल्सिअसला तो गवती पिवळा दिसतो, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या आसपास गडद निळा. थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, म्हणून रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात ना, तसाच. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. त्या काळी कारागिराचा डोळा हाच पायरोमीटर. क्षणभर जास्त तापलं की निळा रंग फिका पडून राखाडी होणार!

या निळ्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि अक्षरं उठवत. पितळी मुठीवरचा सोन्याचा मुलामा तर पाऱ्याच्या मदतीने चढवत. सोनं पाऱ्यात मिसळून लावायचं आणि तापवायचं, पारा उडून जातो, सोनं राहतं. ती वाफ विषारी, त्यामुळे या कामात कारागिरांची तब्येत कायमची बिघडायची.

एवढ्या मेहनतीचा हा निळा थर शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ असतो, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा हजारावा भाग. एमरी पेपरचा एक हात फिरला की तो गेला. रंग पुन्हा आणता येतो, पण तो आजचा रंग, त्या कारागिराचा नव्हे. सोनेरी अक्षरंही अशीच पुसतात आणि वर्गणी काढणाऱ्या माणसांची आठवणही त्यांच्यासोबत जाते. म्हणूनच संग्राहक आधी विचारतात, मूळचा निळा किती उरलाय?

तुम्ही म्हणाल, या इंग्लिश तलवारींचं आपल्याला काय? तर ऐका. कॅप्टन नोलन या ब्रिटिश घोडदळ ऑफिसरने 1853 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की निजामाच्या घोडेस्वारांकडे इंग्रजांनी टाकून दिलेलीच जुनी पाती होती, देशी मुठी बसवलेली. त्याआधीपासून मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारींनाही युरोपियन पाती असत. म्हणजे आपल्यापैकी कोणाच्या घरी असलेल्या तलवारीचं पातं कुठून आलं असेल, सांगता येत नाही.

आणि दसऱ्याला आपण काय करतो? चिंच, राख, नाहीतर सरळ पॉलिश पेपर! कृपा करून तसं करू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, तेलाचा अगदी हलका हात द्या. पात्याला उघडा हात लावू नका, घामातल्या मिठाने गंज धरतो. हळदकुंकू पात्याऐवजी म्यानाला लावा. चामड्याचं म्यान ओलावा धरतं, म्हणून तलवार कायम त्यात ठेवू नका. घासण्याआधी उजेडात तिरपं धरून पातं एकदा नीट बघा. काळपट डाग म्हणून जे घासायला निघालात, तो कदाचित कारागिराने आणलेला निळा रंग असेल.